पानाएवढी काच

वाचनाला जागा लागते, आणि ही जागा घरात लागते तशी पानावरही लागते. देवनागरी अक्षराच्या माथ्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार बसतात, पायाशी उकार आणि ऋकार येतात, मध्ये जोडाक्षरांची दाटी होते. त्यामुळे ज्या उंचीत रोमन अक्षर सहज वाचता येते त्याच उंचीत ‘कर्तृत्व’ किंवा ‘दृष्ट्या’ यांसारखा शब्द डोळ्यांना ताण देतो. रोजच्या वापरासाठी टॅबलेट संगणक, म्हणजे बोलण्यातला टॅब, घ्यावा की नाही, हे देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी विचारले जाते तेव्हा बोलणे बहुधा किमतीवर, कंपनीवर किंवा कॅमेऱ्यावर येऊन थांबते. खरे तर हा आधी पानाच्या आकाराचा प्रश्न आहे, आणि त्या बाजूने तो पाहिला की पुष्कळशी गुंतागुंत आपोआप सुटते.

मराठी कथा-कादंबऱ्या आणि वैचारिक ग्रंथ मोठ्या प्रमाणावर ज्या आकारात छापले जातात त्याला मुद्रण व्यवसायात डेमी म्हणतात. त्याचे पान सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. पडद्याचे माप मात्र कर्णावर, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, सांगण्याचा प्रघात असल्यामुळे दुकानात ऐकलेल्या आकड्यावरून पानाचा अंदाज येत नाही. १०.१ इंची आणि १६:१० प्रमाणाचा टॅब उभा धरला तर त्याचा पडदा सुमारे ५.३५ इंच रुंद आणि ८.५६ इंच उंच भरतो, याचा अर्थ डेमी पुस्तकाचे पान त्यावर जवळजवळ मूळ मापात उतरते. साडेसहा इंची फोनचा पडदा अधिक लांबट असल्याने पावणेतीन इंचांहूनही अरुंद असतो, तेथे तेच पान निम्म्यावर येते, आणि बारा पॉइंटचे अक्षर सहा पॉइंटचे होते (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग). पाठ्यपुस्तक मंडळाची म्हणजे बालभारतीची अलीकडची पुस्तके तर जवळजवळ ए-फोर कागदाएवढी मोठी असतात. ती टॅबवर दोन-तृतीयांश आकाराची दिसतात आणि वाचता येतात, फोनवर मात्र एक-तृतीयांश होऊन केवळ ओळखता येतात.

फोनवर अक्षर मोठे करता येते, हा आक्षेप येथे कोणीही घेईल, आणि तो अर्धा खरा आहे. संगणकावरचा मजकूर दोन प्रकारचा असतो. एक प्रवाही, म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने मोडणारा. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी या प्रकारच्या असल्याने त्या फोनवरही सुखाने वाचता येतात. दुसरा स्थिर, म्हणजे छापील पान जसेच्या तसे गोठवलेला, ज्याला पीडीएफ म्हणतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने विनामूल्य खुली केलेली पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, जुन्या ग्रंथांची छायाचित्रे काढून तयार केलेल्या प्रती, शासन निर्णय, स्पर्धा परीक्षांच्या मागील प्रश्नपत्रिका हे सारे या दुसऱ्या प्रकारात मोडते. असे पान फोनवर मोठे केले की वाचक ओळीचा अर्धा भाग वाचतो, पान बोटाने डावीकडे सरकवून उरलेला अर्धा वाचतो, मग पुन्हा उजवीकडे सरकवून पुढच्या ओळीचा आरंभ शोधतो आणि पुष्कळदा तीच ओळ दुसऱ्यांदा वाचतो. पाच पाने अशी वाचून झाली की वाचनाची इच्छाच मावळते, आणि दोष वाचकाच्या आळसाला दिला जातो. मराठीतील विनामूल्य ज्ञानाचा फार मोठा साठा अशा गोठलेल्या पानांत असल्यामुळे मराठी वाचकाला मोठ्या पडद्याची गरज इंग्रजी वाचकापेक्षा अधिक आहे, ही गोष्ट टॅबविषयीच्या चर्चेत क्वचितच मांडली जाते.

देगलूर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. महामार्गाने थोडे पुढे गेले की तेलंगणातील मदनूर लागते आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटकातील औराद तालुका भिडतो. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुन्या कागदपत्रांची उर्दू, बाजारातील तेलुगू, नात्यागोत्यातील कन्नड आणि घरची मराठी यांचा येथे रोजचा शेजार आहे. काचेच्या पडद्यावर कळा छापलेल्या नसतात, त्या हव्या तेव्हा हव्या त्या लिपीत उमटतात, आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूही त्याच काचेवर लिहिता येते. लॅपटॉपच्या इंग्रजी छापलेल्या कळांवर ही सोय अंगवळणी पडायला सराव लागतो. ज्यांना टंकलेखन मुळीच येत नाही त्यांना टॅबवर बोटाने अक्षर गिरवून लिहिता येते आणि यंत्र ते ओळखते. हीच सोय फोनवरही आहे, पण तेथे जोडाक्षर काढायला बोटापुरतीही जागा उरत नाही.

तथापि देगलूरच्या सगळ्याच कामांना टॅब लागत नाही, आणि हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, आडत्याला भाव विचारणे, पैसे खात्यावर आल्याचा संदेश पाहणे, विक्रीच्या हिशेबपट्टीचे छायाचित्र घरी पाठवणे ही कामे खिशातला फोन चोख करतो. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने बांधावर उभे राहून उभ्या पिकाचे छायाचित्र नोंदवायचे असते, तेथे दहा इंची काच दोन्ही हातांत सांभाळणे हा नुसता त्रास आहे. प्रवेशाचे अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांसाठी कागद स्कॅन करून, ठरावीक आकारात बसवून, छापून घ्यावे लागतात, आणि टॅब घरी आला तरी आपले सरकार सेवा केंद्राची फेरी चुकत नाही. दीर्घ लेखन करायचे तर टॅबवर उमटणारा कळफलक आडव्या पडद्याचा निम्मा भाग व्यापतो; वेगळा कळफलक जोडला तर चालते, परंतु टॅब, कळफलक आणि आवरण यांची एकत्र किंमत साध्या लॅपटॉपच्या जवळ जाऊ लागते, आणि ज्याचे काम लेखनाचे किंवा हिशेबाचे आहे त्याने लॅपटॉपच घ्यावा हे उत्तम. टॅब हे बसून वाचण्याचे, पाहण्याचे, ऐकण्याचे आणि खुणा करण्याचे साधन आहे. उभ्याने करायची कामे त्याची नव्हेत.

किमतीचा विचार येथील उत्पन्नाच्या मापाने करणे योग्य. साधा पण टिकाऊ दहा-अकरा इंची टॅब पंधरा हजार रुपयांच्या आसपास मिळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता, म्हणजे त्या मापाने हमीभाव पूर्ण हाती आला तरी हे यंत्र सुमारे तीन क्विंटल सोयाबीनचे आहे, आणि मोंढ्यातला भाव हमीभावाच्या खाली असला तर त्याहून अधिक. ज्या घरात खत, बियाणे आणि शाळेची फी यांचा मेळ एकाच हंगामातून घालायचा असतो तेथे तीन क्विंटल ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच तेथे स्वस्तातला स्वस्त टॅब शोधण्याचा मोह होतो, आणि स्वस्ताईची किंमत काय असते याचा धडा देशाने एकदा घेतला आहे.

५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश नावाचा टॅब जाहीर केला. सात इंची पडदा, २५६ एमबी स्मरण आणि सरकारला सुमारे सव्वादोन हजार रुपयांत पडणारे यंत्र, अशी त्याची कीर्ती जगभर झाली. त्याचा पडदा रेझिस्टिव्ह प्रकारचा होता, म्हणजे दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकले की स्पर्श कळे. बोटाच्या स्पर्शाने विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखणारा, आज सर्वत्र दिसणारा कपॅसिटिव्ह पडदा २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. पहिल्या आकाशवर पान सरकवायला बोट रेटावे लागे, यंत्र विचार करीत थांबे, विजेरी लवकर संपे. योजनेमागील तळमळ खरी होती, गरिबाच्या मुलाच्या हाती जगाचे ग्रंथालय देण्याची इच्छा आदरणीयच होती. पण ज्या यंत्रावर पान उलटणे हेच कष्टाचे आहे त्यावर कोणी अभ्यास करत नाही. आजच्या खरेदीतही हे लक्षात ठेवावे, आणि चार जीबीपेक्षा कमी रॅम, म्हणजे चालू कामासाठीचे स्मरण, असलेल्या टॅबवर पैसा घालू नये. रॅमपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न प्रणालीच्या सुरक्षा-अद्ययावतीचा आहे: कंपनी किती वर्षे सुधारणा पाठवणार, हे खोक्यावर लिहिलेले नसते, आणि ती थांबली की काही काळाने एकेक ॲप चालेनासे होते, यंत्र धडधाकट असूनही निकामी ठरते.

देगलूर परिसरात टॅबची खरी मागणी अकरावी-बारावीच्या घरांतून येते. लातूर पॅटर्न या अभ्यासपद्धतीचा दबदबा आणि नांदेडचे वाढते शिकवणी वर्ग यांच्या प्रभावक्षेत्रात हे गाव येते. ज्यांना लातुरात किंवा नांदेडला खोली करून राहणे परवडत नाही ते ध्वनिचित्रित तासांकडे वळतात. नागपूरची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे महाज्योती, इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील निवडक विद्यार्थ्यांना सीईटी, जेईई आणि नीटच्या तयारीसाठी टॅब आणि दररोज सहा जीबी इंटरनेट देते. ज्या मुलीला गाव सोडून शिकवणीला जाण्याची परवानगी घरातून मिळत नाही तिच्यासाठी ही योजना केवढे दार उघडते हे वेगळे सांगायला नको. तरीही अभ्यासाच्या दृष्टीने एक भेद लक्षात घ्यायला हवा. जेईई मेन आणि सीईटी या परीक्षा संगणकावर होतात, म्हणून त्यांचा सराव पडद्यावर करण्यात अर्थ आहे; २०२५ सालची नीट मात्र १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवून कागदी उत्तरपत्रिकेवर शाईने गोल भरण्याची होती. अशा परीक्षेसाठी तास टॅबवर ऐकावा, पण आकृती, समीकरण आणि सराव वहीतच व्हावा. पाहिलेले उदाहरण आणि सोडवलेले उदाहरण यांत जे अंतर आहे ते कोणताही पडदा भरून काढत नाही.

ॲलन के या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये वहीएवढ्या संगणकाची, डायनाबुकची, कल्पना मांडली तेव्हा तिच्या केंद्रस्थानी मूल होते, आणि ते मूल त्या यंत्रावर स्वतः काही घडवणार होते. आज घरात आलेला टॅब दुसऱ्याच आठवड्यात चित्रफितींचे खेळणे होतो, ही पालकांची तक्रार रास्त आहे. मोठा पडदा वाचनाला जितका अनुकूल तितकाच नुसते पाहत राहण्यालाही अनुकूल असतो. म्हणून टॅब मुलाच्या एकट्याच्या नावाचा नसावा. घराच्या मधल्या खोलीत, सर्वांच्या नजरेत त्याची जागा ठरावी.

त्या मधल्या खोलीत त्याचा खरा धनी बहुधा घरातील वडीलधारे माणूस ठरते. देगलूरकरांच्या वारकरी परंपरेने, विशेषतः धुंडा महाराज देगलूरकरांच्या निरूपणांनी, ज्ञानेश्वरी या गावाच्या नावाशी कायमची जोडली आहे. नऊ हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ मोठ्या टाइपाच्या पोथीत मांडी घालून वाचण्याची येथील रीत आहे. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होते, जवळचे अक्षर धूसर दिसते आणि चष्म्याचा नंबर बदलत जातो. अशा डोळ्यांना टॅबवरील ओवी हवी तेवढी मोठी करता येते, प्रकाश मंद करता येतो, आणि यंत्र पोथीच्या घडीच्या लाकडी आधारावर, ज्याला येथील उर्दूभाषक घरांत रेहल म्हणतात, तसेच तिरके ठेवता येते, त्यामुळे अर्धा किलोचे वजन हातावर येत नाही. याच काचेवर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराचे चांगले छायाचित्र उघडावे आणि दोन बोटांनी ते मोठे करत जावे: आधी भिंत, मग कोनाड्यातली मूर्ती, मग मूर्तीच्या गळ्यातला हार, मग हारातला एकेक मणी आणि त्यावर शतकांच्या पावसाने आणलेली झीज. मंदिरासमोर उभे राहिलेल्या माणसाला उंचावरचे जे दिसत नाही ते येथे दिसते, आणि डॉ. गो. बं. देगलूरकरांसारख्या मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी एकेका आयुधावर आणि अलंकारावर एवढे बारकाईने का लिहिले असेल, हे ते पाहताना उमगते.

उन्हाळ्याची काळजी मात्र घ्यावी लागते. ॲपलने आयपॅडच्या वापरासाठी भोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे असे म्हटले आहे. मे महिन्यात मराठवाडा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक असते. लिथियम-आयन विजेरी उष्णतेने कायमची अशक्त होते, म्हणून भर दुपारी चार्जिंगला लावलेला टॅब उशीवर किंवा गादीवर ठेवू नये. वीज गेली तरी भरलेला टॅब आठ-दहा तास वाचनाला पुरतो, हा भारनियमनाच्या मुलखात त्याचा मोठा गुण आहे. सिमकार्डाची सोय असलेला महाग नमुना घेण्याचीही गरज नाही. फोनचे इंटरनेट टॅबला वाटून देण्याची हॉटस्पॉट ही सोय घरातल्या कोणत्याही स्मार्टफोनमध्ये असते, आणि पुस्तके एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागतही नाही.

ज्या घरात गोठलेली पाने वाचणारे, तास ऐकणारे किंवा डोळ्यांनी थकलेले कोणी आहे त्या घरात टॅबचे पैसे फिटतात; ज्या घरात फोनवरचे संदेश आणि चित्रफिती एवढेच पाहायचे आहे तेथे ते तीन क्विंटल मोंढ्यातून परत आलेले बरे. पण या दोहोंच्या मध्ये असे पुष्कळ वाचक आहेत ज्यांना गरज आहे आणि ऐपत नाही. जेथे आडत व्यापाऱ्यांनी शिक्षण संस्था काढून महाविद्यालय चालवले त्या या गावाला सामाईक सोयीची कल्पना नवी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ च्या आधारे अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्या वाचनकक्षात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, साहित्य आणि संस्कृती मंडळाची व बालभारतीची पुस्तके भरून ठेवलेले दोन टॅब ठेवता येतील, आणि त्यांचा खर्च एखाद्या दात्याला सहज झेपेल एवढाच आहे.