अलंकार उतरविताना

माणसांप्रमाणे वाहनांनाही अलंकारांची हौस असते आणि ते अंगावरून उतरविताना त्यांनाही वेदना होतात, हे गेल्या नाताळच्या सुटीपर्यंत आमच्या ध्यानी आले नव्हते.

जीप हे वास्तविक निरलंकार वाहन. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी ती मोठ्या संख्येने तयार होऊ लागली, तेव्हा तिच्या अंगावर कामापुरते लोखंड तेवढे होते. आपल्याकडे महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली. पुढे ती शेतमळ्यांत गेली, खाणींवर गेली आणि अखेरीस गृहस्थांच्या अंगणात आली. आणि अंगणात आल्यावर तिला दागिने चढले. दारांवर काळ्या पट्ट्या, चाकांवर प्लास्टिकच्या कमानी, पाठीवर चकाकती नामाक्षरे!

आमच्या वडिलांची जीप १९९८ सालची, गर्द हिरव्या रंगाची. डिचोली तालुक्यातील लोहखनिजाच्या एका खाणीवर ते देखरेखीचे काम करीत. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा त्यांचे काम सुटले. जीप मात्र त्यांनी सोडली नाही. ते निवर्तले त्यास आता चार वर्षे झाली. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीस नेऊन नूतनीकरण करावे लागते. ती वेळ पुन्हा जवळ आली, तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "भंगारात देऊन मोकळे होऊ." आई काहीच बोलली नाही. ती अंगणात गेली आणि जीपवरची घसरलेली ताडपत्री सारखी करून परत आली. आम्ही काय ते समजलो. जीपला रंग द्यावयाचे ठरले, आणि तोही पूर्वीचाच हिरवा; कारण रंग बदलला तर नोंदणीच्या कागदांतही तसा बदल करून घ्यावा लागतो.

रंग द्यावयाचा तर पट्ट्या काढाव्याच लागतात. त्यांच्या कडेने कागद चिकटवून रंग मारला, तर कडेपाशी रंगाचा बारीक बांध तयार होतो, त्यातून पाणी आत शिरते आणि एकदोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. हे सारे आम्हांस ठाऊक होते. आम्ही कला शाखेचे पदवीधर असलो, म्हणून काय झाले? एक मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, तो दारावरील पट्टीच्या मधोमध खुपसला आणि अंगातील सारे बळ एकवटून उचकटला. कडाड् असा आवाज झाला. पट्टी जागची हलली नाही. टोकाचा एक कपचा तेवढा उडाला आणि दाराच्या पत्र्याला रुपयाएवढा खळगा पडला. टोकांशी असलेल्या स्क्रूंची तर आम्ही डोकीच गुळगुळीत करून ठेवली.

शेजारच्या गृहस्थांनी साखळीच्या एका गॅरेजमधील तरुण कारागिराचे नाव सुचविले. रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला आणि आम्ही किंचित चपापलो. तो आमचाच विद्यार्थी होता. सात वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. एकदा साऱ्या वर्गासमोर त्याची कोरी वही उंच धरून आम्ही म्हणालो होतो, "तुझ्या हातून काही एक व्हावयाचे नाही." त्या वर्षी तो नापास झाला आणि पुन्हा शाळेत आला नाही.

त्याने पत्र्यावरचा खळगा पाहिला. हसला नाही. आम्ही पुन्हा स्क्रूड्रायव्हरकडे हात नेताच म्हणाला, "सर, बळ करूं नाकात. सवकास." आपल्या कोंकणीतला हा शब्द आम्ही जन्मापासून ऐकत आलो, त्याचा अर्थ त्या दिवशी समजला.

प्रथम त्याने स्क्रूंवर गंज सोडविणारे तेल सोडले आणि ते मुरेपर्यंत त्यांना हातही लावला नाही. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके दिले. जेथे खाच शाबूत होती तेथे स्क्रू सोडविण्यापूर्वी तो केसभर आवळला, त्यामुळे गंजाची पकड तुटते. ज्यांची डोकी आम्ही गुळगुळीत केली होती, त्यांची डोकी ड्रिलने उडविण्यावाचून इलाज नव्हता. पट्टीच्या पाठीशी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फेसाळ टेप होती. ती थंडीत कडक होते आणि ऊन लागले की सैल पडते, म्हणून जीप तासभर उन्हात उभी केली. नंतर हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतकी ऊब दिली. मासे गरवण्याची नायलॉनची दोरी पट्टीमागे सरकवून त्याने ती करवतीसारखी पुढेमागे ओढली. प्लास्टिकच्या कमानींच्या खुंट्या त्याने मऊ पाचरीने एकेक करून, खुंटीला अगदी लागून उचलल्या; दोन खुंट्यांच्या मध्ये उचकटले की कमान मोडते. ज्या खुंट्या तुटल्या, त्या मोजून नव्या आणावयाच्या म्हणून कागदावर मांडून ठेवल्या. कमानींच्या मागून ओंजळभर तांबडी माती गळाली. बारा वर्षांहून अधिक काळ लोटला तरी खाणीची धूळ अजून तेथे होती.

उजव्या दाराची पट्टी अलगद सुटून आली. आत १९९८ चा हिरवा रंग कालच दिल्यासारखा तकतकीत होता. मग डाव्या दाराची पट्टी निघाली, आणि आम्ही खाली बसलो.

तिच्याखाली हातभर लांब ओरखडा होता. तो आमचा होता. २००० साली, बाराव्या वर्षी, वडील झोपलेले पाहून आम्ही हँडब्रेक सोडला होता. जीप उतारावरून घसरत चिऱ्यांच्या कुंपणाला घासत गेली होती. वडिलांनी ओरखड्यावरून बोट फिरविले आणि ते घरात गेले. त्यांनी कधी एक शब्दही विचारला नाही. आठवड्याने जीपच्या दोन्ही दारांवर काळ्या पट्ट्या आल्या. वडिलांना नटविण्याची हौस आली, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. एकाच दारावर पट्टी असती, तर येणाऱ्याजाणाऱ्याने कारण विचारले असते. म्हणून दोन्ही दारांवर!

परंतु ओरखडा रंगविल्यावाचून झाकला होता. स्क्रूंच्या भोकांतून पंचवीस पावसाळ्यांचे पाणी आत गेले होते आणि तेथे पत्रा चाळणीसारखा झाला होता.

"पत्रो बदलूंक जाय," विद्यार्थी म्हणाला. थोड्या वेळाने आम्ही त्याला त्या कोऱ्या वहीची गोष्ट काढून म्हणालो, "तेव्हा आमचे चुकले." तो टेपचा चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हाका याद आसा, सर."

विद्यार्थिमित्रहो, वडिलांनी आमची चूक झाकली, त्यामागे माया होती. तरी आत गंज चढलाच. आम्ही या मुलाची चूक चारचौघांत उचकटली आणि जन्माचा खळगा पाडला. चूक उघडी व्हावी लागते, नाहीतर ती दुरुस्त होत नाही. पण ती उघडी करणाऱ्या हाताला आधी ऊब द्यावी लागते. हे आम्हांस आमच्या विद्यार्थ्याने शिकविले.

जीप आता हिरवीगार झाली आहे. पट्ट्या पुन्हा लावावयाच्या का, असे त्याने विचारले. आम्ही नको म्हणालो. त्या आईने मागून घेतल्या. दोन्ही तिने पुसून माळ्यावर ठेविल्या आहेत.