योसेमिटी आणि दादाच्या तीन लेन्स

दादाची योसेमिटीची तयारी निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती आणि ती सगळी काय न्यायचं नाही याचीच. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. राहायला फ्रीमाँटला, पोटापाण्यासाठी संगणकाची नोकरी, आणि उरलेला जीव चार बाय पाच इंचांची शीट फिल्म घेणाऱ्या घडीच्या लाकडी कॅमेऱ्यात. टेबलावर लेन्सची रांग लागली होती. पिशवीत गेल्या फक्त तीन : ९०, १५० आणि २४० मिलिमीटरच्या.

"२१०ची राहिली की," मी म्हटलं.

"२४० आहे. दोघी कशाला?"

या आकाराच्या फिल्मचा कर्ण साधारण १५० मिलिमीटर भरतो, म्हणून १५०ची लेन्स इथे 'नॉर्मल'. साध्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यावरच्या पन्नाशीची ती सख्खी बहीण. दादाचा हिशेब असा, की पुढची लेन्स आधीच्या दीडपटीहून थोडी लांब असावी. त्याहून जवळच्या लेन्स घेतल्या, तर डोंगरावर उजेड पळत असताना माणूस पिशवीत डोकं घालून बसतो. ९०, १३५, २१० हा जुना, रुळलेला संचही याच चालीचा आहे आणि त्यात चूक काहीच नाही. पण २४०च्या बाजूला एक वजनदार मुद्दा होता, तो म्हणजे हलकेपणा. दादाची फुजिनॉन-ए जेमतेम पाव किलोची, पुढचा फिल्टर ५२ मिलिमीटरचा. एफ/५.६ची २१० चांगली दणकट असते. २४०चं मोठ्यात मोठं छिद्र एफ/९, त्यामुळे तिन्हीसांजेला ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या काचेवर, जवळजवळ काहीच दिसत नाही. दादाला ते चालतं. पाठ त्याची, निवड त्याची!

तसा नव्या लेन्सचा मोह पडायला बाजारही फारसा उरलेला नाही. निकॉन आणि फुजी या दोघांनीही या मोठ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स बनवणं कधीच थांबवलं. जे मिळतं ते बहुतेक सेकंडहँड, आणि घेताना आधी शटरचा सावकाश वेग कान लावून ऐकायचा.

योसेमिटीत पोचलो तेव्हा ऑक्टोबर होता. धबधबे रोडावलेले. दरीकडे जाणारा वावोना बोगदा १९३३ साली खुला झाला. त्यातून बाहेर पडताच डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्राइडलव्हेल आणि मधे, दूर, हाफ डोम असा देखावा एकदम अंगावर येतो. टनेल व्ह्यूवर कठड्याला लागून मोबाइलवाल्यांची दाटी. मला वाटलं, एवढं सगळं मावायचं तर ९०च हवी. दादाने लावून दाखवली. काचेवर उलट्या दिसणाऱ्या चित्रात खाली आकाश, वर झाडं, आणि मधे ते महाकाय कडे एखाद्या कुंपणाएवढे. १५० लावल्यावर दरीला दरीपण आलं. मोठ्या दृश्याला रुंद लेन्स लागते हा समज तिथेच निकालात निघाला.

९०ची खरी गरज पडली ती खाली, एल कॅपिटनच्या पायथ्याच्या कुरणात. समोर सुमारे तीन हजार फूट सरळ उभा ग्रॅनाइट. कॅमेरा मान वर करून धरला, की कडा मागे कलंडल्यासारखा येतो. म्हणून कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. पण लेन्स सरकली की तिने पाडलेलं प्रकाशाचं वर्तुळही तिच्याबरोबर सरकतं आणि फिल्मचे कोपरे काळे पडू शकतात. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स निवडताना हे वर्तुळ आधी बघावं, नाव आणि किंमत नंतर. श्नायडरच्या ९० मिलिमीटर एफ/८ सुपर अँग्युलॉनचं वर्तुळ एफ/२२वर २१६ मिलिमीटरचं, निकॉनच्या ९० एफ/८चं २३५चं. आकड्यांत एकोणीसच मिलिमीटरचा फरक दिसतो. पण उभ्या फिल्मवर पहिली सुमारे साडेतीन सेंटीमीटर वर सरकू देते, तर दुसरी साडेचारच्याही पुढे. कुरणात उभं राहून वर बघितलं, की त्या एका सेंटीमीटरची किंमत कळते. दादाकडे दुसरी आहे.

याच दरीत छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली १८ बाय २२ इंचांच्या काचा वापरल्या. काच जागच्या जागी ओल्या रसायनाने माखायची, ओली असतानाच चित्र घ्यायचं आणि लगेच धुवायची. सगळं बिऱ्हाड खेचरांवर. पुढे १८६४ मध्ये लिंकनने या दरीच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली, त्याआधी वॉटकिन्सची चित्रं पूर्वेकडे पोहोचून गाजली होती.

योसेमिटी व्हिलेजमध्ये छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गॅलरी आहे. पूर्वीचा हा बेस्ट्स स्टुडिओ. अ‍ॅडम्सचं लग्न इथेच झालं, १९२८ साली, स्टुडिओच्या मालकाच्या मुलीशी, व्हर्जिनियाशी. त्याच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल १९२७ला, ती आणि काही मित्र त्याच्याबरोबर 'डायव्हिंग बोर्ड' नावाच्या खडकावर चढले होते. पाठीवर साडेसहा बाय साडेआठ इंचांचा कोरोना कॅमेरा, मोजक्या लेन्स, दोन फिल्टर आणि बारा काचा. हाफ डोमसमोर पोहोचेपर्यंत दोनच काचा उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतली, दुसरी गडद लाल फिल्टरने. आकाश जवळजवळ काळं करून टाकणारी ती दुसरी काच म्हणजेच त्याचं गाजलेलं 'मोनोलिथ'. तिथे लेन्सचा मोठा संच असता तरी काचा दोनच होत्या.

पुढे अ‍ॅडम्सकडे कुक कंपनीची एक गमतीदार लेन्स आली. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वापरता येई, त्यामुळे एकाच लेन्समधून तीन नाभ्यंतरं निघत. न्यू मेक्सिकोत १९४१ साली टिपलेलं 'मूनराइज, हर्नांडेझ' हे तिच्या २३ इंची भागाचं काम. दादा अशी लेन्स बरीच वर्षं शोधतो आहे. भाव ऐकला की गप्प बसतो.

ग्लेशियर पॉइंटवर मात्र माझी सरशी होईल असं वाटलं. समुद्रसपाटीपासून ७,२१४ फुटांवरच्या त्या टोकावरून हाफ डोम अगदी समोर येतो, आणि मावळत्या उजेडाची पट्टी त्याच्या माथ्यावर आली होती. २४०मध्ये ती लहान दिसत होती. "४५० हवी होती ना?" मी विचारलं. दादाने कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ताणून दाखवला. जेमतेम तीनशे मिलिमीटर! अनंतावर फोकस करायलाच ४५०ला साडेचारशे मिलिमीटर लांब भाता लागतो. टेलिफोटो रचनेची लेन्स ही अडचण टाळते, निकॉनच्या ३६० मिलिमीटर टेलिफोटोला २६१ मिलिमीटर पुरतात, पण ती वजनदार आणि तिचं वर्तुळ लहान.

मग त्याने २४०वरच चित्र घेतलं. एफ/२२, केबल रिलीज, मनात सेकंद मोजणं. "घरी कापू," तो म्हणाला. ही फिल्म लांबी-रुंदीत निम्मी कापली तरी साधारण दोन बाय अडीच इंच उरते, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या अख्ख्या फ्रेमच्या तिपटीहून जास्त क्षेत्रफळ. पट्टी विझेपर्यंत त्याने आणखी एक फिल्म खर्ची घातली. या वेळी १५०वर, कारण डावीकडून ढग आत सरकला होता.