रतनपूरची भावंडं

नागपूरहून सुरतेकडे जाणारी गाडी जळगावला मुंबईची वाट सोडते आणि तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारमार्गे गुजरातेत शिरते. अंकलेश्वरला उतरून मी झगडियाच्या रस्त्याला लागलो, की समोर राजपीपळ्याचे डोंगर. तिथल्या रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर या हबशी पीराचा दर्गा आहे. खाणीतला अकीक मडक्यात घालून गोवऱ्यांच्या आचेवर तांबडा होईस्तोवर भाजायचा, हा या भागातला जुना धंदा. त्याचं श्रेय लोक बावालाच देतात. सोबत त्याचा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा. सेवा आफ्रिकी वंशाच्या सिद्दींकडे, नवसाला मात्र भिल्ल, मुसलमान, पारशी, हिंदू सगळेच.

अशा ठिकाणाला ‘धर्मांची सरमिसळ’ म्हणून आपण मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. पूर्व आफ्रिकेतून गुलाम होऊन आलेल्यांचं गणगोत पहिल्या सौद्यातच तुटलं. धनी मिळाला, धर्मही मिळाला. भाऊबंद कुठून मिळणार? ते त्यांनी पीरांत जोडले, असं मला वाटतं. म्हणून इथे एकटा संत नाही, भावंडं आहेत, आणि मूल हवं असलेल्या बाया साकडं घालतात ते माईलाच. यावर कुणी म्हणेल, पीराचे नातलग पुष्कळ दर्ग्यांत असतात, यात आफ्रिका कुठली? तर सिद्दींचा मलुंगा पाहावा: धनुष्याला एक तार, खाली भोपळा, काडीने वाजवायचा. असं वाद्य आफ्रिकेतलंच. त्याच्या जोडीला करवंटीचा खुळखुळा, त्याचंही नाव माई मिश्रा! ढोलावर नाचता नाचता अंगात येतं, तीही उपासनाच.

हा खरा इस्लाम नव्हे, अशी हरकत मुसलमानांतूनच येते. नागपूरकराला तिचं उत्तर घरीच सापडतं. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना 1908 मध्ये पागलखान्यातून सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यावर नेलं ते रघुजीराजे भोसल्यांनी. त्यामुळे ना बाबांचं मुसलमानपण उणावलं, ना राजांचं हिंदूपण.

मग सगळ्याच हबशांनी असं का केलं नाही? मलिक अंबरही गुलाम म्हणूनच विकला गेला होता. पण त्याला फौज मिळाली, निजामशाहीची सूत्रं मिळाली. 1626 मध्ये तो वारला आणि खुलताबादेत, जर जरी जर बक्षांच्या दर्ग्याजवळ, दख्खनी अमिराच्या इतमामाने पुरला गेला. दरबारात ज्याची सोय लागली, त्याला पीरांत भाऊबंद शोधायची निकड नव्हती.