बेळगावची हवा आणि गाडीची ताकद

खानापूर रस्त्याने उद्यमबागेत शिरले की लेथचा आवाज सुरू होतो. ओतकाम आणि सूक्ष्म मापाचे सुटे भाग ही इथली जुनी ओळख. त्यामुळे घरातला तरुण ‘गाडीचे ट्यूनिंग करून आणतो’ म्हणाला, की आपल्याला वाटते, त्यात काय अवघड? पण हे काम आता नुसत्या पान्याचे राहिलेले नाही. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा, याचे कोष्टक इंजिनाच्या संगणकात असते. ते बदलायचे आणि परिणाम डायनोवर, म्हणजे रुळांवर चाके फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचा.

इथे आपला भूगोल आड येतो. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर. हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. मेस्त्री तिला हवा म्हणो की गाळी, ती विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. चोर्ला घाट उतरल्यावर तीच गाडी अधिक जोमाने ओढते, ती यामुळेच. डायनो हा फरक हिशेबाने भरून काढतो. मात्र टर्बो गाडीला तोच हिशेब सरसकट लावला तर कागदावरचा आकडा फुगतो. पुणे सुमारे 560 मीटरवर, बेंगळूर 900 च्या वर. म्हणून दोन गावांचे आकडे शेजारी ठेवून दुकान निवडू नये.

त्यापेक्षा काही प्रश्न विचारावेत. आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये काढून देणार का? यंत्राला ब्रेकचा भार देता येतो का? नुसत्या जड रुळावर गाडी काही सेकंदांत वेग घेऊन मोकळी होते; घाटातला सलग ताण तिथे कळत नाही. हवा-पेट्रोलचे प्रमाण आणि नॉकिंग पाहतात का? आपल्या नेहमीच्या पंपावरचेच पेट्रोल वापरतात का? समोर मोठा पंखा आहे का, गाडी पट्ट्यांनी घट्ट बांधतात का? मूळ प्रोग्रॅम जपून ठेवतात का?

वॉरंटी जाऊ शकते आणि न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात नडू शकतो, हेही घरात आधीच बोलून घ्यावे.

चांगला मेस्त्री प्रथम प्लग आणि कॉम्प्रेशन तपासतो. इंजिन थकलेले असेल तर काम नाकारतो. असा नकार देणारा भेटला, तर गाडी पुढेही त्याच्याकडेच न्यावी.