जादा पाटा

मालवाहू ट्रकचा विषय निघाला की जो तो इंजिनाचे गोडवे गातो. सांगाड्याखाली वाकून सारे ओझे पेलणाऱ्या पोलादी पाट्यांचे कोणी नाव काढीत नाही. आमच्या निपाणीकडे मात्र तसे नाही. पुणे-बंगळूर रस्ता गावाला लागून गेलेला, तंबाखूचा जुना व्यापार, आणि दिवाळी उलटली की उसाचा हंगाम. त्यामुळे ज्याच्या दारी ट्रक, त्याच्या अंगणात जॅक आणि पाने असावयाचेच. ज्या बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले, त्या मुलखात लोखंडाला हात घालण्याचा संकोच कोणाला वाटावा?

गेल्या हंगामाच्या तोंडी आमच्या घरच्या ट्रकचे मागले पाटे बसले. कमानीचा बाक उतरून काही पाटे जवळजवळ सपाट झाले होते. पुतण्याचे म्हणणे, बाजारातून जादा पाटे आणून दोन्ही अंगांना दोन-दोन वाढवावे, म्हणजे टनभर ऊस अधिक बसेल. त्याच्यामागे कर्जाचे हप्ते लागलेले. तेव्हा त्याचे बोलणे पोरकट म्हणून उडवून लावणेही बरे नव्हते. परंतु म्हाताऱ्या मिस्त्रींनी मान हलविली. म्हणाले, "मालक, पाटा वाकतोय म्हणून गाडी टिकतीया. वाकायचंच नसंल तर पाटा कशाला, ओंडका घाला की."

मिस्त्रींचे बोलणे शास्त्राला धरून होते. पाटे वाढविले की जुडगा ताठर होतो, गाडी उंच दिसते; पण आस, ब्रेक आणि टायर यांची ताकद गुंजभरही वाढत नाही. जुलै २०१८ मध्ये सरकारने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली, ती प्रत्येक आसावरील भाराच्या हिशेबाने. पाटे मोजून नव्हे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. ऊस वाहणारे आमचे गावरस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटण्यास अमेरिकेची साक्ष नको.

शिवाय दुसरी एक अडचण होती. माघात मंगेशीच्या जत्रेला समाजाचे तांदूळ, गूळ आणि पितळी भांडी याच ट्रकने जातात. ओझे बेताचे, अशा वेळी ताठर पाट्यांचा ट्रक चोर्ला घाटात खड्ड्यागणिक उसळतो. देवाच्या रथालाही पाटे नसतात, पण तो भाविक हातांनी पावलापावलाने ओढतात!

तेव्हा ठरले ते असे: संख्या वाढवावयाची नाही, बसलेले तेवढे बदलावयाचे, आणि तेही जोडीने, एकच अंग नवे केले तर गाडी कलते. पुढल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागला सांगाडा जॅकने उचलून जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरवशावर मिस्त्री कोणाला गाडीखाली जाऊ देत नाहीत. यू-बोल्टांचे नट रात्रभर डिझेलमध्ये भिजले तेव्हा कुठे सुटले. जुडग्याच्या मधोमध जो बोल्ट असतो, तो काढण्यापूर्वी सारे पाटे शिकंज्यात आवळावे लागतात. नाहीतर दाबलेले पोलाद उसळून हात मोडते. नव्या पाट्यांना ग्रीस लावले, यू-बोल्ट नवे घातले, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा भरवशाचा नसतो. मग चारही नट कर्णरेषेने, थोडे थोडे आवळीत नेले. त्यात दोन दिवस मोडले.

पुतण्या सारा वेळ गप्प होता. हप्त्यांचा प्रश्न पाट्यांनी सुटला नव्हता. तो त्याने पुढे एक खेप वाढवून सोडविला. पहिला ऊस टाकून तो परतला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला हातपाय धुऊ न देता पाना दिला आणि गाडीखाली धाडला. नट पाव फेरा आवळले गेले.