साडेतीन हजारांची लाट

साडेतीन हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकलेला बरा. ज्यांच्या खिशातून तो गेला त्या गृहस्थांना गोव्याबद्दल काहीही विचारा, तिसऱ्या वाक्याला ते इथेच येतात. हवा कशी होती? छान होती, पण. मासळी खाल्ली का? खाल्ली, पण.

गृहस्थ जालन्याचे. मोंढ्यात बी-बियाण्यांचं दुकान, वय पन्नाशीच्या पुढे. प्रस्तुत लेखकाच्या इतके जवळचे आहेत की दोघांत चष्मा एकच आहे. त्यांना इथे जालनेकर म्हणू. किनाऱ्याचं नावही देत नाही. उत्तर गोव्यात पेडणे तालुक्यात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल असे किनारे एकाला लागून एक आहेत, त्यांतलाच कुठलातरी समजा. नाव दिलं तर ज्याच्याशी भांडण झालं तो दुकानदार ओळखू येईल, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. निदान एका बाजूने तरी.

हे सगळं भाच्यामुळे झालं. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीनंतर त्याने गाडी काढली, मामा-मामींना मागे बसवलं आणि आंबोलीचा घाट उतरून थेट समुद्राशी नेऊन उभं केलं. मामा शहाळं पीत बसतील असा सर्वांचा समज होता. मामांचाही.

जालन्याच्या माणसाची आणि पाण्याची ओळख विहिरीत होते. मे महिन्याच्या सुटीत पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, जरा जमलं की भोपळ्याऐवजी रॉकेलचा रिकामा डबा, आणि एक दिवस थोरल्या कुणीतरी डबा सोडून काठावरून ढकलून द्यायचं. जालनेकरही असेच शिकले, अंबड तालुक्यातल्या आजोळच्या मळ्यात. विहिरीचं पाणी गार, हिरवट, जागचं न हलणारं. ते चढतं आणि उतरतं. माणसाच्या अंगावर धावून येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तेही गेलं आणि ज्या तळाला लहानपणी कुणाचे पाय लागले नव्हते तो जालनेकरांनी काठावरून पाहिला: भेगाळलेला गाळ, एक गंजलेला डबा, एक चप्पल. शहराची तहान भागवणारा घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आटला, मोसंबीच्या बागांचं सरपण झालं, टँकरच्या वेळेवर घरातल्या अंघोळी ठरू लागल्या. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला आणि भांडी विसळलेलं कुंडीला, ही सवय तेव्हाची. पुढे पाऊस बरा झाला, पैठणहून पाइपलाइनने पाणी आलं, सवय सुटली नाही.

अशा माणसाला लाटेवर उभं करायचं तर किनारा शांतच हवा, आणि तो तसा होता. एका बाजूला खडकाचं टोक समुद्रात शिरलेलं. बाहेरून येणारी लाट त्या टोकाला वळसा घालून आत येते, वळताना तिचा जोर पसरतो आणि वाळूपर्यंत पोचेतो ती कमरेएवढी उरते. जून ते सप्टेंबर हाच समुद्र खवळलेला असतो. जीवरक्षक लाल झेंडा लावून शिट्ट्या मारत लोकांना बाहेर काढतात. नोव्हेंबरात मात्र निम्मा वेळ तळंच. शिकवणारा पोरगा तमिळनाडूच्या मच्छीमार घरातला, हिंदी मोडकी पण स्वच्छ. त्याने हाताच्या पंजाने लाट करून दाखवली. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा पाय वाळूला अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती कोसळते. खडकावरची लाट रोज ठरल्या जागी फुटते. वाळूचा उंचवटा सरकत राहतो, त्यामुळे इथली लाट आज इथे तर आठवड्याने तिकडे. जालनेकरांना हे लगेच पटलं. गोदाकाठचा माणूस वाळू कशी सरकते ते जाणतो, निरनिराळ्या कारणांनी.

फॉर्मवर नाव, वय, गाव लिहून दिलं. काउंटरवरच्या माणसाने गाव वाचलं आणि हसून म्हणाला, ‘वहाँ तो समंदर नहीं है ना?’

नाही. पण पॅरिसला तरी कुठे आहे? २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगची स्पर्धा त्यांनी पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर लांब, ताहिती बेटावरच्या तेआहुपोला नेऊन घेतलीच. म्युनिक समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथे आइसबाख नावाच्या पाटात पुलाखाली उभ्या राहणाऱ्या लाटेवर चढायला लोक वर्षानुवर्षं रांगा लावत आले. म्हणजे प्रश्न समुद्राचा नाही, हौसेचा आहे. जायकवाडीचे सत्तावीस दरवाजे उघडून गोदावरी शहागडच्या पुलाखालून जाते तेव्हा लाटा तिथेही दिसतात (कुणी प्रयोग करू नये, नदीकाठच्या गावांना तेव्हा उगाच सावध करत नाहीत). हे सगळं जालनेकरांना काउंटरवर सुचलं नाही. घरी आल्यावर, रात्री दोन वाजता सुचलं. तेव्हा ते नुसतं ‘नाही’ म्हणाले आणि अनामतीचे पाच हजार मोजून दिले.

खरं तर या खेळात आपण सगळेच नवखे. हवाई बेटांवर तो शतकानुशतकं चालत आला. तिथल्या ड्यूक कहानामोकूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं आणि सर्फिंगही ऑलिंपिकमध्ये घ्या असं सांगत राहिला. घेतलं ते टोकियोत, त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. आपल्याकडे कर्नाटकात मंगळुरूजवळच्या मुल्कीला जॅक हेब्नर या अमेरिकन कृष्णभक्ताने आश्रमाबरोबर सर्फिंगचा क्लब काढला, तो या शतकाच्या सुरुवातीला. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्य मिळवलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. महाराष्ट्राला एवढा मोठा किनारा असून या यादीत आपलं नाव का नाही, यावर जालनेकरांचं मत तयार आहे, पण ते दुकानात येऊन ऐकावं.

शिकवणी दीड तासाची. पहिला अर्धा तास वाळूवरच. बोर्डावर पालथं पडायचं, छातीजवळ हात टेकायचे, एका झटक्यात उठून पाय आडवे रोवायचे. वाळूवर जालनेकर आठही वेळा उठले. पाण्यात आठही वेळा पडले. नवशिक्यांचा बोर्ड नऊ फुटी, वरून स्पंजासारखा मऊ, खाली माशासारखे तीन पर स्क्रूने बसवलेले. त्यांना फिन म्हणतात. हे फिन नीट लक्षात घ्या. त्यांच्यामुळे बोर्ड सरळ जातो. ते नसतील तर तो साबणाच्या वडीसारखा आडवा घसरतो. पोरगा मागून ढकलायचा आणि ओरडायचा, ‘अंकल, लहर मत देखो, सामने देखो!’ विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याकडे पाठ करून उभं राहायला सांगणं म्हणजे बैलाकडे पाठ करून उभं राहायला सांगण्यासारखंच. नाकातोंडात खारट पाणी गेलं. बायको किनाऱ्यावरून म्हणाली, ‘अहो, पुरे आता.’

नवव्या लाटेला ते उठले.

भाच्याच्या मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. तो आतापर्यंत मोंढ्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिला असेल. सुरुवातीला गुडघे थरथरतात, मग हात पसरतात, मग चेहऱ्यावर असं काही येतं जे दुकानात कधी कुणी पाहिलेलं नाही. पाणी अंगावर येत नाही, पाणी घेऊन चाललंय. सातव्या सेकंदाला लाट विरते, नुसता फेस उरतो. भाच्याचा आवाज येतो, ‘मामा, उतरा! उतरा आता!’ पोरगाही मागून काहीतरी ओरडतो. जालनेकर उतरत नाहीत. लाट अजून थोडी शिल्लक होती. शिल्लक पाणी टाकून द्यायचं कसं? घोटाभर पाणी, मग बोटभर, आणि मग बोर्ड वाळूवर थांबला. व्हिडिओत शेवटी ‘खर्र’ असा आवाज आहे. तो वाऱ्याचा असावा असं जालनेकरांचं म्हणणं.

बोर्ड काउंटरवर परत गेला. माणसाने तो उलटा केला आणि म्हणाला, ‘फिन टूट गया है.’ मधला फिन अर्धाच होता.

आता मूळ मुद्दा. तुटलेल्या कडेकडे जालनेकरांनी वाकून पाहिलं. तीस वर्षं बियाणं पारखण्यात गेलीत. कीड आतली की बाहेरची हे त्यांना दाण्यावरून कळतं. त्या कडेचा अर्धा भाग मळकट होता आणि अर्धा पांढराशुभ्र. पांढरा भाग आजचा, कबूल. मळकट भाग म्हणजे जुनी भेग. तिच्यात आधीच वाळू, मेण, शेवाळ जाऊन बसलेलं. भेग आमच्या आधीची असेल तर आमच्याआधी ज्यांनी ज्यांनी बोर्ड नेला त्या सगळ्यांनी मिळून फिन तोडला. शेवटचा हात आमचा लागला, एवढंच. माठ ज्याच्या हातून फुटतो त्याच्या आधी तो दहा जणांनी आपटलेला असतो.

माणूस म्हणाला, पॉलिसी आहे. फिन तुटला तर साडेतीन हजार.

जालनेकर म्हणाले, निम्मं तुमचं, निम्मं आमचं. सतराशे पन्नास. हिशेब कडेवरच लिहिलेला आहे, पाहा: अर्धं मळकं, अर्धं पांढरं. माणसाने कड पाहिलीच नाही. सही केलेला फॉर्म पुढे केला. फॉर्म इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. जालनेकरांनी विचारलं, बोर्ड देताना उलटा करून दाखवला होता का? माणूस म्हणाला, तुम्ही मागितलं नाही. शिकवणाऱ्या पोराला साक्षीला बोलावलं; तो ओल्या केसांनी येऊन दोघांकडे पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, ‘अंकल खडा बहुत अच्छा हुआ.’ ही साक्ष कुणाच्या बाजूची, यावर गाडीत परतताना कोल्हापूरपर्यंत चर्चा झाली. फिनचा भाव जालनेकरांनी तिथेच मोबाइलवर काढला. तिन्ही फिनांचा संच मागितलेल्या पैशांच्या निम्म्यातही येत होता. मोबाइल काउंटरवर ठेवला. माणसाने तो परत सरकवला आणि दीड हजाराच्या तीन नोटा मोजून दिल्या. विशेष म्हणजे तो उद्धट नव्हता. पाणी देऊ का, असंही विचारलं. उद्धट असता तर एव्हाना विसरायला तरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला बायको शिंपले वेचायला गेली आणि शिंपल्यांबरोबर फिनचा तुकडा घेऊन आली. जालनेकर तो तुकडा घेऊन पुन्हा काउंटरवर गेले. तुकड्याची कड, फिनची कड, जोडून पाहा, रंग पाहा. माणूस म्हणाला, ‘रख लो सर.’

गाडीत बायको एवढंच म्हणाली, ‘तुमच्या दुकानातली पाटी आठवा.’ दुकानात गल्ल्यामागे पाटी आहे: एकदा उघडलेली पिशवी परत घेतली जाणार नाही. जालनेकरांचं म्हणणं असं की ते वेगळं आहे. पिशवी फाटकी निघाली तर ते परत घेतात. नेहमी नाही, पण घेतात.

कुणी जाणारच असेल तर काही गोष्टी सांगून ठेवायला हव्यात. आपल्याकडची माणसं पोहता येतं या भरवशावर समुद्रात शिरतात आणि विहिरीचं पोहणं तिथे पुरत नाही. परत जाणारं पाणी आत ओढायला लागलं तर त्याच्या विरोधात हात मारत किनाऱ्याकडे येऊ नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हा, मग किनाऱ्याकडे या. गोव्यात २००८ पासून दृष्टी मरीनचे जीवरक्षक किनाऱ्यांवर असतात, त्यांचे झेंडे पाहूनच उतरा. पायाला बांधायची दोरी बांधल्याशिवाय बोर्ड घेऊ नका, सुटलेला बोर्ड दुसऱ्याच्या डोक्यात बसतो. आणि बोर्ड हातात घेतला की आधी उलटा करा, तिन्ही फिन हलवून पाहा, फोटो काढा, फोटोवर वेळ येऊ द्या. एक राहिलं. पाणी गुडघ्याखाली आलं की बोर्डावरून उतरायचं असतं. हे पोरगा वाळूवर असताना दोनदा बोलला होता.

पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही, असं जालनेकर घाट चढताना म्हणाले होते. फिनचा तुकडा सध्या दुकानात पावत्यांवर वजन म्हणून ठेवलेला असतो आणि गिऱ्हाईक विचारतं तेव्हा व्हिडिओ दाखवला जातो. परवा भाच्याचा फोन आला: फेब्रुवारीत जाऊ या का, यंदा दुसरीकडे बघू.

‘दुसरीकडे कशाला,’ जालनेकर म्हणाले, ‘बोर्ड चांगले आहेत त्याचे.’