द्राक्षांच्या गांवीं

मद्याच्या पेल्याविषयीं या मासिकांत, आणि तेंहि माझ्यासारख्या पेन्शनर मास्तरानें लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. आमच्या घरांत तर या विषयाची एक जुनी जखम आहे. माझे थोरले काका दारूपायीं देशोधडीस लागले. ते घरीं आले आणि तो आंबूस दर्प ओटीवर पसरला, कीं आजी तोंड फिरवून तुळशीकडे पाहत बसे. तेव्हांपासून त्या वासाशीं माझें वैर.

गेल्या आश्विनांत पुतण्याकडे स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं गेलों होतों. तेथून आगगाडीनें तासाभराच्या आंत फ्रान्समधील आल्सास प्रांतांतलें कोल्मार गांठतां येतें. पश्चिमेस व्होज पर्वताची रांग, पूर्वेस ऱ्हाईन नदी, आणि मध्यें उतरणीवर द्राक्षमळे. पश्चिमेचे ढग पर्वतावरच रिते होतात, म्हणून कोल्मार हें फ्रान्समधील अत्यंत कमी पावसाच्या शहरांपैकीं एक. महाबळेश्वरीं धो धो पाऊस असतां माण-खटाव कोरडे कां, हें मीं वर्गांत तीस वर्षें शिकविलें. तोच धडा येथें पुन्हां भेटला. या भूमीनें सत्तांतरेंहि पुष्कळ सोसलीं. १८७१ सालीं ती जर्मनीकडे गेली, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आली, १९४० सालीं पुन्हां जर्मनांनीं बळकाविली आणि १९४५ सालीं फ्रान्सला परत मिळाली. द्राक्षवेलींचीं नांवें मात्र जर्मनच राहिलीं.

अशाच एका वेलीचें नांव गेवुर्त्स्ट्रामिनर. ‘गेवुर्त्स’ म्हणजे मसाला, आणि ट्रामिन हें आज इटलींत असलेलें आल्प्स पर्वतांतील एक गांव. गांवाबाहेरील मळ्यांत आम्ही गेलों, तेव्हां घड गुलाबी-तांबूस दिसत होते. तरी त्यांची मदिरा ‘पांढरी’च, कारण रस सालींपासून लवकर वेगळा करतात.

“आमचे काका घेत नाहींत,” असें पुतण्यानें मळ्याच्या मालकीणबाईंना आधींच सांगून ठेविलें होतें. त्या हंसून म्हणाल्या, “वास घेण्यास काय हरकत आहे?” मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत मद्य हुंगणें देखील जातिभ्रंशकर पातकांत गणिलें आहे, हें त्यांना कसें समजावून सांगावें? इतक्यांत पलीकडे तिघे परीक्षक दिसले. घोट तोंडांत घोळवावा, किंचित् हवा आंत ओढावी, वहींत टिपण करावें आणि घोट पिकदाणींत टाकून द्यावा, असा त्यांचा क्रम. अर्ध्या तासांत सहा पेले झाले. पोटांत बहुधा थेंबहि गेला नसेल. हें पाहून मी पेला हातीं घेतला.

बाईंनीं प्रथम रंग पाहावयास सांगितला : गव्हाळ, सोन्याची झांक असलेला. मग पेला न हलवितां एकदां वास घ्यावयाचा. नंतर हलकेंच फिरवून दुसऱ्यांदां. मदिरा सुमारें दहा अंशांवर थंड ठेवतात. बर्फासारखी गार झाली तर तिचा गंध मिटून जातो. मीं डोळे मिटले. गुलकंदाची बरणी उघडावी तसा गुलाब आला. मागून सोललेली लिची, आणि शेवटीं सुंठीची चुणूक. ही केवळ कल्पना नव्हे. लिची आणि ही मदिरा यांच्या सुगंधांत बरींच द्रव्यें समान असल्याचें संशोधन १९९९ सालीं प्रसिद्ध झालें आहे. गुलाबांत सांपडणारें रोझ ऑक्साइड हें त्यांपैकींच एक.

पेला मीं तसाच खालीं ठेविला. पुतण्यानें मात्र तेथील मुन्स्टर नांवाच्या उग्र चीजबरोबर दोन घोट घेतले. चव किंचित् गोड, आंबटपणा कमी, मागें जराशी कडसर, असें त्यानें सांगितलें. आणि बूच लावून बाटली बाजूस सारली. त्या बूच लावण्याकडे मी पाहतच राहिलों. काकांना तेवढें एक कधीं साधलें नाहीं.

घरीं परतल्यावर पत्नीस सर्व सांगितलें. ती म्हणाली, “मनूच्या मतें तुम्ही बाटलांत. आधीं स्नान करून या, मग चहा मिळेल.” मीं मुकाट्यानें स्नान केलें. माझा नेम पूर्वीसारखाच आहे. परंतु काकांची आठवण त्या दिवशीं प्रथमच दर्पावांचून आली, आणि रागाऐवजीं त्यांची कींव वाटली.